एकटे सोडल्याने बेट वाचत नाही

दूरच्या बेटांविषयी निसर्गप्रेमी वर्तुळात अलीकडे एक मत जवळजवळ सिद्धांताच्या थाटात मांडले जाते. मत असे: ज्या बेटावर खरे प्रेम आहे तिथे जाऊ नये. समुद्राने त्याला माणसापासून दूर ठेवले म्हणून ते टिकले. आपण पोहोचलो की ते संपले. तेव्हा पक्षी पाहायला जाऊ नका, प्रवाळ पाहायला पाण्यात उतरू नका, बेट एकटे राहू द्या. हे मत मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यातले काही माझे स्नेही आहेत आणि निसर्गावरची त्यांची निष्ठा माझ्याहून उणी नाही. तरीही हे मत चूक आहे, आणि नुसते चूक नसून घातक आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी पूर्वपक्ष. तो कमकुवत करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही. पूर्वपक्ष म्हणतो, पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या बुटांच्या तळाला माती असते, मातीत बुरशी आणि तणाचे बी असते. पाण्यात नवखा पाणबुड्या उतरला की त्याच्या फिन्सचा एक फटकारा अनेक वर्षे वाढलेली प्रवाळाची फांदी मोडतो. ज्या विमानाने तो येतो त्याच्या धुराने समुद्र तापतो आणि तापलेल्या समुद्रात तेच प्रवाळ पांढरे पडून मरतात. आणि इतिहास तर सरळ साक्ष देतो. इथे डोडोचा दाखला ठरलेला. पण प्रतिपक्षाला मी त्याहून बळकट पुरावा देतो. प्रॉव्हिडन्स पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी नॉरफोक बेटावर लाखोंनी वीण घालत असे. 1790 साली ‘सिरियस’ हे जहाज तिथे फुटले आणि उपाशी कैदी व सैनिकांनी काही महिन्यांत लाखाहून अधिक पक्षी मारून खाल्ले. पुढच्या काही वर्षांत त्या बेटावरून तो पक्षी पुसला गेला. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पुरावा खराच आहे. प्रश्न एवढाच की तो नेमके काय सिद्ध करतो.

नॉरफोकवरून नाहीसा झालेला तो पेट्रेल आज जवळजवळ एकाच जागी वीण घालतो: लॉर्ड हाउ बेटावर. वादासाठी हेच बेट घेऊ, कारण दोन्ही पक्षांना ते आपले वाटते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवर, टास्मन समुद्रात, साधारण साडेएकतीस अक्षांश दक्षिणेला, चंद्रकोरीसारखी ही भूमी. लांबी जेमतेम दहा किलोमीटर, क्षेत्रफळ पंधरा चौरस किलोमीटरच्या आत. दक्षिण टोकाला 875 मीटर उंचीचा माउंट गावर. त्याच्या माथ्यावर ढगांत भिजलेले खुरटे, शेवाळलेले जंगल. पश्चिमेला लगून आणि त्याच्या कडेने प्रवाळाची भिंत. इतक्या दक्षिणेला जगात दुसरीकडे अशी भिंत नाही. 1788 साली ‘सप्लाय’ या जहाजावरच्या लोकांना हे बेट दिसले, त्यापूर्वी इथे माणूस राहिल्याची एकही खूण सापडलेली नाही. 1982 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. रहिवासी चारशेच्या आसपास आणि एका वेळी पर्यटकही चारशेच. त्याहून जास्त येऊ दिले जात नाहीत. मोबाइलला रेंज नाही. वाहनांना ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे, बहुतेक लोक सायकलवरच फिरतात. छायाचित्रे पाहून कुणालाही वाटेल, माणसाचा हात न लागलेली जागा असते ती हीच.

पण या बेटाइतका माणसाचा हात लागलेली जागा शोधूनही सापडणार नाही.

पहिल्या सत्तर-ऐंशी वर्षांतच जहाजांवरच्या लोकांनी आणि वसाहतकऱ्यांनी इथली पांढरी पाणकोंबडी, इथले कबूतर आणि इथला पोपट संपवला. पहिले दोन खाण्यासाठी गेले, पोपट पिकांची नासाडी करतो म्हणून. पाठोपाठ डुकरे, बकऱ्या आणि मांजरे आली. मग जून 1918 मध्ये ‘माकाम्बो’ ही आगबोट बेटाच्या किनाऱ्याला लागून फुटली. दुरुस्ती होऊन बोट गेली, तिच्यावरचे काळे उंदीर मागे राहिले. पुढच्या काही वर्षांत इथले पाच जंगली पक्षी पृथ्वीवरून नाहीसे झाले. बेटाची उपजीविका होती केंटिया पामच्या बियांवर. युरोपातल्या दिवाणखान्यांत शोभेचे झाड म्हणून या पामला मोठी मागणी होती. उंदरांनी त्या बियाही खाल्ल्या. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावून भागले नाही, म्हणून बाहेरून मोठी घुबडे आणून सोडली. त्या घुबडांनी उंदीर संपवले नाहीत; इथले स्वतःचे छोटे घुबड मात्र नामशेष झाले आणि त्याचा दोष बराचसा या पाहुण्या घुबडांकडेच जातो. मूर्खपणाचा असा सलग इतिहास फार थोड्या जागांना लाभला असेल!

इथे प्रतिपक्ष टाळी वाजवील. ‘हेच तर आम्ही सांगतो आहोत! माणूस आला आणि नाश झाला.’ थांबा. कारण माणूसच होता, हे मान्य. पण कारण एकदा घडून गेले की त्याचा कर्ता निघून गेल्याने परिणाम थांबतो का? 1919 साली बेटावरची सगळी माणसे उठून सिडनीला गेली असती, एकही पर्यटक पुन्हा फिरकला नसता, तर उंदीरही निघून गेले असते? उलट त्यांना मोकळे रान मिळाले असते. घरात साप सोडायचा आणि बाहेरून कडी लावून म्हणायचे, आता घर सुरक्षित! ‘एकटे सोडा’ हा उपदेश 1787 साली अगदी योग्य होता. त्यानंतर त्याची मुदत संपली.

दूरपणा म्हणजे संरक्षण, ही या मताची पायाभूत समजूत आहे आणि तीच आधी तपासली पाहिजे. समुद्राने वेढलेल्या भूमीवर जमिनीवरचा शिकारी लाखो वर्षे पोहोचत नाही. म्हणून पक्षी उडणे विसरतात, जमिनीवर घरटी करतात, परक्याला भीत नाहीत. माउंट गावरवर हिवाळ्यात माणसाने मोठ्याने हाळी घातली की प्रॉव्हिडन्स पेट्रेल आकाशातून उतरून त्याच्या पायाशी येतात. पाहणाऱ्याला ते दृश्य स्वर्गीय वाटते. नॉरफोकवरच्या उपाशी सैनिकाला ते जेवण वाटले होते. दूरपणाने या जिवांना कवच दिलेले नाही, कवच काढून घेतले आहे. बेट जितके दूर, तितकी एक गाभण उंदरीण त्याचा अधिक मोठा विध्वंस करते.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक असे दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय कारण मान्य करत नाहीत. माणसाची अनुपस्थिती हे बेटाच्या सुस्थितीचे कारण असेल, तर जिथे माणूस नाही तिथे बेट सुस्थितीत दिसले पाहिजे. दक्षिण पॅसिफिकमधले हेंडरसन बेट घ्या. निर्जन, पर्यटन जवळजवळ शून्य, कोणत्याही मोठ्या वस्तीपासून हजारो किलोमीटर दूर, 1988 पासून जागतिक वारसा. पूर्वपक्षाच्या प्रयोगासाठी याहून आदर्श जागा नाही. तिथे काय आढळले? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या बेटाच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे सुमारे पावणेचार कोटी तुकडे असल्याचा अंदाज मांडला गेला. तोवर जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक दाट कचऱ्यांपैकी तो एक होता. शतकांपूर्वी पॉलिनेशियन होड्यांतून आलेले उंदीर आजही तिथे पेट्रेलची पिल्ले खातात. अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर हवामान केंद्रातली मूठभर माणसे सोडली तर कुणी नाही. तिथे मोठे उंदीरसुद्धा नाहीत, घरात फिरतात तसले छोटे उंदीर आहेत, आणि ते अल्बट्रॉसची पिल्ले जिवंत कुरतडतात. या दोन्ही बेटांना आपण एकटे सोडलेच आहे. हेंडरसनवर 2011 मध्ये आणि गॉफवर 2021 मध्ये उंदीर संपवण्याच्या मोहिमा झाल्या, त्या अयशस्वी ठरल्या. एकदा पोहोचलेले उंदीर घालवणे किती अवघड असते, हेही त्यातून दिसते.

प्रतिपक्षाकडे अजून एक हुकमी पान आहे. मी त्याच्या जागी असतो तर तेच आधी टाकले असते. लॉर्ड हाउवर हाताच्या पंज्याएवढा, काळा, पंख नसलेला एक काडीकिडा होता. कोळी त्याचा आमिष म्हणून वापर करीत. उंदरांनी तो 1920 च्या सुमारास संपवला असे सर्वांनी धरले. बेटाच्या आग्नेयेला 23 किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड नावाचा सुळका आहे. पाण्यातून सरळ वर गेलेला, साडेपाचशे मीटरांहून उंच, जिथे होडी लावणेही मुश्कील. 2001 साली शास्त्रज्ञ तिथे चढले आणि रात्री विजेरीच्या उजेडात, कड्यावरच्या एका झुडपापाशी, त्यांना तो किडा दिसला. जिवंत! मोजले तेव्हा 24 भरले. मग माणूस पोहोचू शकला नाही म्हणूनच तो वाचला ना?

होय, वाचला. सुळक्याने त्याला ऐंशी वर्षे दिली, हे निर्विवाद आहे. पण त्या वाचण्याचे स्वरूप पाहा. एका जातीचे सगळे ज्ञात अस्तित्व काही झुडपांखालच्या मातीत होते. एखादी दरड कोसळली असती, एक वणवा, एक कोरडे वर्ष आले असते, तर ती संपली असती आणि ती होती हे कुणाला कळलेही नसते. तिचा सुगावा कुणी लावला? 1964 साली त्या सुळक्यावर गेलेल्या गिर्यारोहकांनी. त्यांना एक मेलेला किडा सापडला होता. ती शंका जागी राहिली म्हणून पुढे शोध झाला. 2003 मध्ये दोन जोड्या खाली आणल्या गेल्या, त्यातल्या एका जोडीपासून मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाने हजारो पिल्ले वाढवली आणि 2017 साली जनुकीय तपासणीतून हा तोच जुना किडा असल्याचे पक्के झाले. सुळक्याने मुदत दिली. जीवदान माणसांनी दिले.

माउंट गावरच्या माथ्याचीही गोष्ट हीच. वुडहेन हा तिथला न उडणारा, तपकिरी, कोंबडीएवढा पक्षी. डुकरांना त्या कड्यावर चढता येत नसे, म्हणून 1970 च्या दशकात उरलेसुरले तीसेक पक्षी मुख्यतः वरच तग धरून होते. ‘एकटे सोडा’ हे धोरण तेव्हा लागू केले असते तर आज वुडहेन पेंढा भरून संग्रहालयात असता. झाले ते असे की डुकरे हटवली गेली, माथ्यावरचे थोडे पक्षी पकडून खाली आणले गेले, 1980 पासून चार-एक वर्षे त्यांची बंदिस्त वीण केली आणि पिल्ले बेटभर सोडली.

उंदरांची मोहीम याहून अवघड होती, कारण माणसे तिथे राहत होती. विषारी आमिष घरांच्या आसपास, मुले खेळतात त्या अंगणांत ठेवायचे होते. विरोध करणारे अडाणी नव्हते; शंभर वर्षे उंदीर आहेत, आता समतोल साधला आहे, विषाचे परिणाम कोण भोगणार, असे ते विचारत होते. 2015 मध्ये रहिवाशांचा कौल घेतला तेव्हा बाजूने पडली फक्त 52 टक्के मते. वर्षानुवर्षे शेजाऱ्याशी शेजारी भांडला. अखेर 2019 च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरने जंगलात आणि हाताने वस्तीत आमिष टाकले गेले. त्या काळात दोनशेहून अधिक वुडहेन पकडून, विष त्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून, सिडनीच्या प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवले होते. पुढच्या काही वर्षांत वुडहेनांची संख्या हजाराच्या पुढे गेली. 2022 मध्ये एका वडाच्या झाडाखालच्या दगडाआड लाकूड खाणारे झुरळ सापडले, जे मुख्य बेटावर 1930 च्या दशकापासून कुणी पाहिले नव्हते. झुरळ सापडल्याचा एवढा आनंद जगात दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

हा पैसा पर्यटकांनी दिला असा दावा मी करणार नाही. तो मुख्यतः सरकारी होता. माझा दावा वेगळा आहे. बेटावर राहणारी माणसे नसती, त्यांचे पोट मुख्यतः निसर्ग पाहायला येणाऱ्यांवर चालत नसते, तर उंदीर घालवण्याचा कौल घ्यायला कोण होते? कुणाचे काही पणाला लागले होते? आपल्याकडचे उलट उदाहरण पाहा: 1987 साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध पुढे अनेक वर्षे धगधगत राहिला. ज्यांच्या जगण्याला त्या रेषेत जागा दिली नाही, ते ती रेषा का राखतील? नकाशावर रेघ ओढणे सोपे. लॉर्ड हाउवर 52 विरुद्ध 48 भांडून का होईना, निर्णय तिथल्या लोकांचा झाला.

आणि पर्यटकाच्या बुटांखालची बुरशी? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर तिथे रोज दिले जाते. मुळे कुजवणाऱ्या बुरशीच्या भीतीने जंगलाच्या वाटेवर बूट घासून घ्यावे लागतात, येणाऱ्या सामानाचा वास घ्यायला शिकवलेली कुत्री असतात. पण मर्टल रस्ट या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावरही वाहतात. ती बेटावर 2016 मध्ये आढळली, झाडे उपटून, औषध मारून संपवली; 2023 मध्ये पुन्हा आढळली तेव्हा बेटाचा मोठा भाग पाहुण्यांना काही काळ बंद केला गेला. ती बंदी योग्यच होती. मात्र तिच्या आत कोण काम करत होते? पानावरचा तो पिवळा ठिपका ओळखणारा डोळा बेटावर हवा. वाऱ्याला बंदी घालता येत नाही. समुद्रालाही नाही: इथल्या शिअरवॉटर पक्ष्याच्या तीन महिन्यांच्या एका पिलाच्या पोटात प्लास्टिकचे 276 तुकडे निघाले होते, आणि ते प्लास्टिक चारशे पर्यटकांनी टाकलेले नव्हते, आईबापांनी खुल्या समुद्रातून अन्न समजून आणून भरवले होते.

आता पाण्याखाली. पूर्वपक्षाची एक उपशाखा म्हणते, उपोष्ण समुद्रात असे आहे तरी काय? प्रवाळाच्या जाती नव्वदच्या आसपास. ग्रेट बॅरियर रीफवर चारशेहून अधिक. पाणी थंड, हिवाळ्यात 18 अंशांपर्यंत उतरणारे. त्यापेक्षा अंदमान बरे. हा युक्तिवाद खंडनाच्याही योग्यतेचा नाही, पण पाणबुड्यांत तो फार चालतो म्हणून दोन शब्द. पूर्व ऑस्ट्रेलियाचा उबदार प्रवाह उत्तरेकडून प्रवाळ आणि मासे इथवर वाहून आणतो. दक्षिणेचा थंड समुद्र आपले शैवाल आणि मासे घेऊन येतो. दोन्ही एकाच खडकावर शेजारी नांदतात. मॅककलकचा क्लाउनफिश, गडद तपकिरी अंगाचा आणि पांढऱ्या शेपटीचा, जगात या आणि आसपासच्या मोजक्या प्रवाळांपुरताच आहे. बॉल्स पिरॅमिडच्या पायथ्याशी गालापागोस शार्क पाणबुड्याभोवती घिरट्या घालतात, आणि खोलवर बॅलिना एंजलफिश दिसू शकतो, जो इतरत्र पाहणे फारच दुर्मीळ. जातींची संख्या मोजून समुद्राला गुण देणे म्हणजे गायकाला त्याच्या चिजांच्या यादीवरून जोखणे.

सीमेवरचा हा समुद्र महत्त्वाचा आहे, कारण तापमानवाढीचा धक्का इथे ठळक दिसतो. मार्च 2019 मध्ये लगूनच्या काही उथळ, किनाऱ्यालगतच्या भागांत 90 टक्क्यांपर्यंत प्रवाळ पांढरे पडले. ते कुणी मोजले? पाण्यात उतरलेल्या संशोधकांनी. टास्मानियातून सुरू झालेल्या ‘रीफ लाइफ सर्व्हे’त तर हौशी पाणबुडेच प्रशिक्षण घेऊन 50 मीटरच्या रेषेवर मासे आणि इतर जीव मोजतात, आणि लॉर्ड हाउचे पाणीही त्यांच्या मोजणीत आहे. पाण्याखाली जे कुणी पाहत नाही, त्याच्या मरणाची नोंद होत नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचे प्रवाळांचे मोठे पठार आहे. तिथे कोण जातो? जवळजवळ कुणी नाही. मग त्याची तब्येत कशी आहे, हे महाराष्ट्रातल्या किती जणांना सांगता येईल?

विमानाचा धूर मात्र उरतो. इथे प्रतिपक्षाचे पारडे जड आहे आणि ते मी ओढून हलके करणार नाही. पण तो युक्तिवाद विमानाविरुद्ध आहे, बेटाविरुद्ध नाही. मुंबईहून बालीला, दुबईला, लंडनला जाणारा तोच धूर सोडतो, आणि तिथे त्याला कुणी ‘जाऊ नका’ म्हणून अडवत नाही. हेतू सर्वत्र लागू असेल तर निष्कर्षही सर्वत्र लागू झाला पाहिजे. विमानप्रवास निम्म्यावर आणा अशी चळवळ उभी करा, मी मागे येतो. तिचा सगळा भार चारशे खाटांच्या बेटावर टाकण्याला मात्र तर्क म्हणत नाहीत.

माझे म्हणणे ‘सर्वांनी जावे’ असे मुळीच नाही. चारशेची मर्यादा शिथिल करून हॉटेले वाढवू पाहणाऱ्यांशी माझा वाद याहून कडवट होईल. पाण्यात आपले तरंगणे सांभाळता येत नाही त्याने प्रवाळाजवळ जाऊ नये, परवान्याच्या वाटाड्याशिवाय माउंट गावर चढू नये. तिथे तसा नियमच आहे. काही पर्यटक तर तिथे अर्धा दिवस तण उपटण्यासाठीच जातात आणि उरलेला अर्धा दिवस हिंडतात. प्रतिपक्षाने चारशेचे तीनशे करा म्हटले, प्रत्येक पाहुण्याला एक सकाळ तण उपटणे सक्तीचे करा म्हटले, तर त्या अर्जावर मी पहिली सही करीन. पण ‘कुणीच जाऊ नये’ असे म्हणायचे असेल, तर पुराव्याची जबाबदारी आता त्यांच्याकडे आहे. उंदीर, डुकरे किंवा तण एकदा पोहोचलेले असे एकच बेट त्यांनी दाखवावे, जे माणसाने पाठ फिरवली म्हणून सावरले.